लॅबचा पत्ता

चूक करावी तर लाल अक्षरांत बोंब मारणारी तरी करावी! आमच्या डेटाबेसवाल्याच्या नशिबी आली ती गप्प बसून काम करत राहणारी.

हॉस्पिटलचा डेटाबेस तो सांभाळायचा. रक्ताचे रिपोर्ट मात्र पलीकडच्या इमारतीत, लॅबच्या मशीनवर. ते कुठून आणायचे हे डेटाबेसला सांगणारी एक नोंद असते, परक्या सर्व्हरची. तिच्यातला पत्ता बदलला की डेटाबेस मुकाट्याने नव्या ठिकाणी जाऊन विचारतो. सोमवारी चाचणीसाठी त्याने ‘अल्टर सर्व्हर’ची एक ओळ लिहिली आणि पत्ता लॅबच्या महिनाभर जुन्या कॉपीकडे वळवला. चाचणी झाली. चहाला गेला. पत्ता परत फिरवायचा राहून गेला, झालं!

कॉपीने कुरकुर केली नाही. जो विचारेल त्याला ती जुनी उत्तरं देत राहिली.

नऊ दिवसांनी सकाळी डेटाबेसवर चालणारी किडनीची प्रतीक्षायादी बघणाऱ्या सिस्टर त्याच्या टेबलाशी आल्या. “काल एक किडनी आली होती रे. तुझ्या ताईचाच पहिला नंबर, पण यादीने तिला वगळलं. इन्फेक्शन अजून आहे म्हणे.”

“अहो, ते तर पंधरा दिवसांपूर्वीच गेलं!”

“मग लॅबने रिपोर्ट भरला नसेल.”

“आणि किडनी?”

“दुसऱ्या नंबरला बसवलीसुद्धा.”

त्याने सर्व्हरची नोंद उघडली, पत्ता वाचला. तो अजून जुन्या कॉपीचाच होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्या एका नंबरासाठी ती चार वर्षं डायलिसिसवर थांबली होती.

त्याने पत्ता परत फिरवणारी ओळ लिहिली, एंटर दाबलं. एका सेकंदाचं काम मेलं! ताईचा रिपोर्ट उघडला. इन्फेक्शन नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सिस्टरांनी आपणहून दोष लॅबवर ढकलला होता. तो तोंड मिटून बसला असता तर कोण विचारणार होतं?

“सिस्टर, लॅबचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “मी चुकलो. लेखी देतो. आधी तिला सांगून येतो.”

ताई दोन मजले वर, मशीनला जोडलेल्या खुर्चीत होती. तो खाली निघाला की “पोहोचलास की फोन कर” म्हणायची. दोन मजल्यांसाठी! सगळा वॉर्ड हसायचा.

“ये रे शहाण्या. तोंड का उतरलंय? खाल्लं नाहीस?”

त्याने सगळं सांगितलं. सोमवार, पत्ता, चहा, काहीच लपवलं नाही.

“आता नीट केलंस?”

“हो.”

“बाकीच्यांचं बघितलंस? त्यांच्याही रिपोर्टचं असंच झालं असेल.”

“बघतो.”

“मग जा.”

तिने मान भिंतीकडे वळवली. तो दारापर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ उभा राहिला. “फोन कर” काही ऐकू आलं नाही. मग तो जिना उतरू लागला.