फोटोतला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या फोटोंना मी पुरता कंटाळलो आहे. सावली तालुक्यातल्या एका गावच्या हरिदासभाऊंनी वावटळीत पडलेलं मोहाचं खोड महिनाभर तासून-कोरून मला घडवलं आणि १९९१ साली गावच्या तलावात लोटलं. त्यांची बायको रंभाबाई पुढे बसून जाळं सोडायची, भाऊ मागून बांबू रेटायचे. बारा वर्षं त्यांचं घर माझ्यावरच चाललं. हिवाळ्यात तलावावर परदेशी बदकं उतरायची. भाऊ त्यांना वळसा घालून मला न्यायचे.

२००३ च्या हिवाळ्यात नागपूरहून एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. तासभर थांबला, माझे फोटो काढले आणि निघून गेला. रविवारी रंगीत पान छापून आलं. तलाव म्हणे 'कुणालाही ठाऊक नसलेला स्वर्ग'. वर्षानुवर्षं तिथंच राहणारी शंभर घरं त्या पानावर कुठंच नव्हती.

पुढच्या रविवारी सतरा गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी चाळीस. गाणी वाजू लागली, बदकं उडाली. बायांना धुण्याच्या घाटावर जाणं मुश्कील झालं, कारण तिथं गाड्या धुतल्या जात होत्या. जाळ्यात मासोळीबरोबर फुटक्या बाटल्या येऊ लागल्या. रंभाबाईंचा तळहात दोनदा कापला. त्यांनी पाहुण्यांना समजावलं, विनवलं. एकानं त्यांचाच फोटो काढून घेतला.

मग एका दुपारी भाऊ जेवायला घरी गेले असताना सात जण न विचारता माझ्यात चढले आणि नाचू लागले. माझ्या कडेला उभी चीर गेली आणि मी कलंडलो. एकाला पोहता येत नव्हतं. आरडाओरडा ऐकून भाऊ हातातला घास टाकून धावले आणि त्याला केस धरून काठावर आणलं.

दोन दिवसांनी त्याच वर्तमानपत्रात बातमी आली, 'डोंगाचालकाच्या हलगर्जीपणामुळे पर्यटक बुडता बुडता वाचला'. फोटो माझाच, जुना. त्या बातमीवरून तालुक्याहून हुकूम निघाला की तलावात डोंगे घालायचे नाहीत. बावीस घरांची मासेमारी एका कागदानं थांबली. मला इतका संताप आला, पण लाकडानं करावं काय?

रंभाबाईंनी मात्र केलं. दोन्ही कात्रणं पदरात बांधून त्या एसटीनं नागपूरला गेल्या आणि वार्ताहराच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमी तलावाचं लिवलं, बदकाईचं लिवलं, डोंग्याचं लिवलं. आमाले काऊन नाई इचारलं?"

तो म्हणाला, वेळ नव्हता.

"मंग आता घेऊन या वेळ. रईवारी नोका येऊ, कामाच्या दिवशी या."

तो आला आणि दोन दिवस राहिला. काठावर बसून त्यानं बायांचं ऐकलं, बाटल्यांचा ढीग पाहिला, माझी चीर हातानं चाचपली. बुडणाऱ्याला कुणी काढलं, हेही त्यानं चार जणांना विचारून घेतलं. या वेळी त्यानं सगळं लिहिलं. महिन्याभरानं हुकूम मागे घेतला गेला. ग्रामसभेनंही ठरवलं की गाड्या गावाबाहेर थांबतील आणि पाहुणे विचारूनच पाण्याकडे जातील.

त्या बातमीत माझा फोटो नव्हता, रंभाबाईंचा होता. त्या मात्र चिडल्या.

"माहं तोंड उघडंच हाये याच्यात."

"बोलत होतीस म्हणून," भाऊ म्हणाले आणि माझ्या चिरेत डांबर भरू लागले.

बदकं काही सगळी परतली नाहीत. गाड्या थोड्या कमी झाल्या, तरी येतात. मीही डांबराच्या जोरावर कसाबसा तरंगतो. मित्रांनो, एखाद्या गावाचं चित्र पाहून तुमचं मन ओढलं गेलं, तर खुशाल जा. फक्त पाण्यापाशी पोचण्याआधी एखाद्या दारात थांबा आणि आत कोण राहतं ते विचारा.