तिसऱ्या चष्म्याची काच

संध्याकाळी तिची डावी पापणी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर खाली यायची. सकाळी दोन्ही सारख्या असायच्या. नवऱ्याने ते पट्टी लावून मोजलं होतं. अंदाजाने काही करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

दोघांचं चष्म्याचं दुकान. पुढे तो डोळे तपासायचा, मागच्या खोलीत ती काचा घासायची. एका संध्याकाळी नेहमीचे गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमास्तर, तिला म्हणाले, "वहिनी, डोळा मारताय की काय? या वयात झेपायचं नाही हो मला!" ती पोट धरून हसली.

मग तिला एकाचे दोन दिसायला लागले. दोन किटल्या, दोन नवरे. "अहो, एकानेच नाकीनऊ आणलेत," ती म्हणाली. नवऱ्याने प्रिझमचा नंबर काढला. ही काच प्रतिमा सरकवून दोनाचं एक करते. काच तिनेच घासली आणि पुन्हा एकच नवरा दिसला. काही महिन्यांनी तो परत दुभंगला, तेव्हा आणखी जाड प्रिझम घातलं. तीही काच तिनेच घासली. आपलं काम किती नेमकं बसलं, याचंच दोघांना कौतुक. डोळा का सरकतोय, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

पुढे एका दुपारी जेवताना पाणी तिच्या नाकातून परत आलं. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात, थायमस नावाच्या ग्रंथीत गाठ निघाली. स्नायूंची ताकद जात होती ती त्या गाठीशी जोडलेल्या आजाराने.

सर्जनबाई सावकाश बोलत. "छातीचं हाड मधोमध उघडावं लागेल. गाठ तिच्या आवरणासकट, न फुटता आख्खी निघाली, तर पुढची वर्षं चांगली जातात. शेजारच्या फुफ्फुसात शिरली असेल, तर तेवढा भाग काढायचा आणि नंतर किरणोपचार. ते आत गेल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

"आणि डोळे?"

"सुधारतील बहुतेक. हळूहळू. गोळ्या मात्र चालू राहतील."

"श्वास?"

"ऑपरेशननंतर श्वासाचे स्नायू थकू शकतात. म्हणून आधी गोळ्यांनी ताकद भरून काढू. तरी काही दिवस मशीन लागू शकतं. तारीख तुम्ही कळवा."

तिने ती कळवली नाही. गोळ्यांनी घास नीट उतरू लागला आणि तेवढं निमित्त तिला पुरलं. आधी नणंद यायची होती, मग दुकानाची रंगरंगोटी निघाली. रोज अंथरुणावर पाठ टेकली की ती स्वतःचा श्वास ऐकत पडायची. हाड उघडतात म्हणजे करवतच लावत असणार. मशीन काढल्यावर छाती हललीच नाही तर? आपण शुद्धीत असू आणि सांगता येणार नाही. नवराही तारखेचं नाव काढत नसे. घाबरला की तो मापं घ्यायचा.

आजही त्याने घेतली. दुपारी तो मागच्या खोलीत आला, हातात कोरी काच.

"प्रिझम थोडं वाढवलंय. एवढी घासून घे. चष्मा घातलास की एकच दिसेल बघ."

"आणि मग?"

"मग काय? बरं वाटेल तुला."

तिने काच घेतली, कडेवरून बोट फिरवलं. मशीन सुरू केलं. पाण्याची धार चाकावर पडू लागली. पहिल्या दोन काचा तिने याच खुर्चीत घासल्या होत्या, गाणं गुणगुणत. गाठ तेव्हाही आत होतीच. तेव्हा आवरणातच असेल. आता कुठे पोचली असेल?

तिने मशीन बंद केलं. चष्मा काढला. दारात दोन नवरे उभे होते, दोघांचेही चेहरे पांढरेफटक.

"काय झालं? नंबर चुकला का?"

"नंबर बरोबर आहे हो. तुमचा कधी चुकलाय?" तिने काच टेबलावर ठेवली. "ही मी घासणार नाही. बाईंना फोन लावा. मला ऑपरेशन करून घ्यायचंय."