काचेची न्हाणी

"आई, तुमची राहायची सोय आम्ही आमच्या गल्लीच्या टोकाला एका बुटीक गेस्टहाउसमध्ये केली आहे," असं सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा काकूंनी मुकाट्यानं बॅगेत मोजमापाची टेप टाकली. बुटीक म्हणजे कपड्यांचं दुकान, खाली दुकान आणि वर पाहुण्यांसाठी एखादी खोली, असा त्यांचा सरळ हिशेब. अर्धं आयुष्य बायकांची ब्लाउज शिवण्यात गेलेलं, त्यामुळे सगळी आळी त्यांना ब्लाउजकाकू म्हणायची. परदेशातली शिलाई आतून कशी असते ते उलटून बघायला मिळेल, या कल्पनेनं त्यांना प्रवासाच्या आधीच हुरूप आला.

मुलगा आणि सून वर्षभरासाठी त्या परक्या शहरात नोकरीला गेले होते. घर मिळालं होतं ते एवढंसं. कपाट उघडायचं तर आधी कुणीतरी पलंगावर चढून बसायचं, अशी तऱ्हा. तेव्हा आईला गेस्टहाउसमध्ये ठेवणं शहाणपणाचंच होतं. पण सुनेनं पुढचं वाक्य बोलताना जरा घसा खाकरला.

"आणि आई, माझी आईपण त्याच आठवड्यात येतेय. तिथे एकच खोली रिकामी आहे. मोठी आहे हं चांगली."

काकू म्हणाल्या, "हो का? वा, वा. मग काय, सोबतच झाली." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या फोनकडे बघत बसल्या.

विहीणबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. साधं "चहा घ्या" म्हणाल्या तरी समोरचा ताठ उभा राहायचा. लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना त्यांनी पाहुण्यांना शाळेतल्या मुलांसारखं रांगेत लावलं होतं आणि खुद्द नवऱ्यामुलाच्या आईला, म्हणजे काकूंना, "तुम्ही जरा मागे सरका" असं सांगितलं होतं. त्या फोटोत काकूंचं अर्धं कपाळ आणि एक कान आला आहे. तेव्हापासून मनात जी गाठ बसली होती ती काही सुटली नव्हती. भांडण म्हणाल तर कधीच नाही. उलट दोघी भेटल्या की "या विहीणबाई," "बसा विहीणबाई," "घ्या ना विहीणबाई," इतकी साखर सांडायची की ऐकणाऱ्याचे दात दुखावेत.

तर अशा या दोघी एका दुपारी त्या गेस्टहाउसच्या दारात उभ्या राहिल्या. बाहेर नुसता कल्लोळ होता. ट्रामची घंटा, स्कूटरींचे हॉर्न, फळांच्या गाड्यांवरची हाकाटी, आणि दाराला अगदी लागून एका धिप्पाड फुलवालीचं दुकान. तिच्या बादल्या निम्मा फुटपाथ अडवून बसलेल्या. पण निळं दार मागे बंद झालं आणि कानात कापूस घालावा तसं सगळं शांत झालं. गुळगुळीत दगडी जिना, भिंतीवर चित्रं, सोनेरी कड्यांचे दिवे. कपड्यांचा मागमूस नाही. काकूंचा चेहरा जरा पडलाच. मालक उंच, टकला, गळ्यात रेशमी रुमाल, मांजराच्या पावलांनी चालणारा. त्यानं आल्या आल्या दोघींपुढे एक कार्ड धरलं. उशी कुठली हवी ते निवडायचं होतं: पिसांची, लोकरीची, धान्याच्या टरफलांची की मानेला खळगा असलेली.

"डोकं टेकायला हवी म्हणावं," काकू पुटपुटल्या. विहीणबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलल्यासारखा वाटला, पण हसणं नसावं ते.

खोली मात्र बघतच राहावी अशी. छत दोन माणसं उंच, पायाखाली असा गालिचा की चप्पल काढून हातात घ्यावीशी वाटावी, खिडकीशी मखमली खुर्च्या, रस्त्यावर उघडणारी छोटी गॅलरी. पलंग एकच, पण क्रिकेटचं पिच म्हणावं एवढा. आणि पलंगाच्या पलीकडे न्हाणीघर. त्यात तांब्याचा चकचकीत टब, पितळेचे नळ, रचून ठेवलेले पांढरेशुभ्र टॉवेल. हे सगळं पलंगावर बसल्या बसल्या दिसत होतं, कारण मधली भिंत अख्खी काचेची होती.

दोघींनी भिंतीकडे पाहिलं. मग एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी एकदम खिडकीकडे बघायला लागल्या.

मालकानं दारापाशी असलेली बटणं भराभर दाबून दाखवली, काहीतरी समजावून सांगितलं आणि विचारलं, "ठीक?" दोघींनी जोरात मान डोलावली. कळलं होतं शून्य. पण विहिणीच्या देखत "मला कळलं नाही" असं कोण म्हणणार?

ती रात्र दोघींनी मध्ये उशांचा बांध घालून काढली. सकाळी आंघोळीची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत.

"तुम्ही आधी जा विहीणबाई."

"छे छे, तुम्ही आधी, विहीणबाई."

शेवटी असं ठरलं की एकीनं आंघोळ करायची आणि दुसरीनं तोवर गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. काकूंनी आधी नंबर लावला आणि पाणी अंगावर पडलं न पडलं तोच उरकून बाहेर आल्या. मग डोक्याला टॉवेल गुंडाळून, अंगात घरी शिवलेला मोठ्या फुलांचा गाऊन, अशा त्या गॅलरीत गेल्या. मागे विहीणबाईंनी टब भरायला घेतला. टबला कसलंसं यंत्र होतं. ते सुरू झाल्यावर पाणी खळाखळा उसळायला लागलं आणि चक्की चालू असल्यासारखा आवाज येऊ लागला.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि गॅलरीचं दार खट्‌कन लागलं.

काकूंनी वळून पाहिलं तर दाराला बाहेरून मूठच नाही. ढकलून पाहिलं, नखांनी ओढून पाहिलं. दार ढिम्म. फोन आत पलंगावर. त्यांनी दाराच्या काचेवर टकटक केलं. आत विहीणबाई डोळे मिटून गळ्यापर्यंत फेसात बुडालेल्या; यंत्राच्या घरघरीत त्यांना ढोल ऐकू आला नसता.

"विहीणबाई," काकूंनी बेतानं हाक मारली. "अहो विहीणबाई!" जरा मोठ्यानं. मग लाजलज्जा सोडून, "अहो विहीणबाईऽऽ!"

खाली फुलवालीनं वर पाहिलं. सकाळच्या प्रहरी एक बाई रंगीबेरंगी गाऊन घालून गॅलरीतून आपल्याला नमस्कार करते आहे, असा तिचा समज झाला असावा. तिनं मोठ्ठा हात हलवला आणि खड्या आवाजात उत्तर दिलं, "विहीऽनबाय!"

फळवाल्याला गंमत वाटली. त्यानंही हात वर केला, "विहीनबाय!" ट्रामच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांनी माना वर केल्या. कुणी टोपी उंचावली. एका आजोबांनी तर कमरेत वाकून मुजराच केला. काकूंनी दाराकडे बोट दाखवलं, हातांनी कुलपाची खूण केली, दोन्ही हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फुलवाली मात्र हुशार निघाली. ती जरा वेळ डोळे बारीक करून बघत राहिली, मग कपाळावर हात मारून गेस्टहाउसच्या दारात शिरली. दुसऱ्याच क्षणी मालक रस्त्यावर आला, त्यानं वर पाहिलं आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून खुळखुळवला. काळजी नको, आलोच, अशी खूण केली.

काकूंच्या जिवात जीव आला. पण अर्धाच. कारण पुढचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं: मालक किल्लीनं खोलीचं दार उघडणार, आत पाऊल टाकणार, आणि समोर अख्ख्या काचेच्या पलीकडे तांब्याच्या टबात विहीणबाई!

"नो! नो!" काकू कठड्यावरून ओणव्या होऊन ओरडल्या. "नो कम! बाथ! बाथ! वॉटर!"

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. न्हाणीघरात पाणी फुटलं, असंच त्याला वाटलं. तो आत धावला, आणि पाठोपाठ बादली अन् फडकं घेऊन खोल्या आवरणारी बाई धावली. दगडी जिन्यावरच्या बुटांचा आवाज काकूंना वरपर्यंत ऐकू यायला लागला.

आता काय करावं? काकू दाराकडे वळल्या आणि दोन्ही मुठींनी काच बडवायला लागल्या. त्या घाबरगुंडीत विहीणबाई, अहो, जाहो, सगळं वाहून गेलं आणि घरात आपापसात जे नाव चालायचं तेच नेमकं तोंडातून बाहेर पडलं.

"अगं ए शिट्टीऽऽ! ऊठ लवकर! तो येतोय! आत येतोय!"

ती किंकाळी यंत्राच्याही वरताण होती. विहीणबाईंनी डोळे उघडले, काच बडवणाऱ्या काकू पाहिल्या, आणि काय झालं ते कळायच्या आत त्या टबाबाहेर होत्या. आयुष्यभर मुलांना धावायला लावलेलं शरीर ते! एका झेपेत त्यांनी पलंगावरची भली मोठी चादर ओढली, अंगाभोवती लपेटली आणि कुलपात किल्ली फिरत असतानाच दाराची साखळी लावली. दार बोटभर उघडलं. फटीतून आधी बादली दिसली, मग टक्कल.

"स्टॉप!" विहीणबाई गरजल्या. "अबाउट टर्न!"

मालक खरोखरच गर्रकन वळला. बादलीवालीही वळली. दोघं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग विहीणबाईंनी गॅलरीचं दार उघडलं. त्यांच्या केसांत फेस, कानावर फेस, चादरीचा पदर खोलीभर पसरलेला. काकू आत आल्या आणि गालिच्यावरच फतकल मारून बसल्या. बाहेर रस्त्यावर अजून कुणीतरी "विहीनबाय" म्हणून ओरडत होतं.

"शिट्टी कोण?" विहीणबाईंनी विचारलं.

काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अहो, ते... घाबरले ना मी, तोंडात काहीतरी आलं."

"काहीतरी नाही. शिट्टीच आलं."

"आमच्या घरात... म्हणजे गमतीनं हं... तुमचा आवाज जरा..."

विहीणबाईंचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरायला लागले. आता या रडणार, नाहीतर मला पुन्हा गॅलरीत उभी करणार, असं काकूंना वाटलं. पण विहीणबाईंच्या तोंडून एकदम फस्‌कन हसू फुटलं. त्या चादरीसकट खाली बसल्या.

"आमच्या घरात तुमचं नाव काय आहे, माहीत आहे?"

"काय?"

"टाचणी!"

"का म्हणून?" काकू उसळल्या.

"टोचता म्हणून! तुम्ही मला ब्लाउज शिवून दिलंत ते दंडात घट्ट झालं. मी तसं म्हटलं तर काय उत्तर दिलंत? 'माझं माप कधी चुकत नाही, अंगंच बदलतात.' सगळ्यांच्या देखत! मी ते ब्लाउज अजून घातलेलं नाही."

"आणि तुम्ही मला फोटोत मागे सरकवलंत ते? माझ्याच मुलाच्या लग्नात माझा एक कान आलाय नुसता!"

"अहो, तुमच्या मागे पंखा होता. तुमच्या डोक्यातून पाती निघाल्यासारखी दिसत होती. म्हणून सरका म्हटलं. तुम्ही तर पार खांबाच्या मागेच गेलात. मला वाटलं, यांना फोटोचा तिटकारा असेल."

काकू आ वासून बघत राहिल्या. इतकी वर्षं जपलेला राग, आणि त्याच्या मुळाशी पंखा! आधी त्यांना स्वतःचीच कीव आली, मग हसू आलं, आणि ते आलं ते थांबेचना. दोघींची हसून हसून मुरकुंडी वळली. दाराबाहेरून मालकानं हळूच विचारलं, आता वळू का? तेव्हा तर दोघी गालिच्यावर आडव्याच झाल्या.

कपडे करून झाल्यावर त्यांनी त्याला सन्मानानं आत बोलावलं. त्यानं दारापाशी असलेलं एक बटण दाबलं. काचेची भिंत दुधासारखी पांढरी झाली. पलीकडचं काही दिसेना.

"हे काल दाखवलं होतं," तो नम्रपणे म्हणाला.

"मला वाटलं, तुला कळलं असेल," काकू म्हणाल्या.

"मला वाटलं, तुला," विहीणबाई म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी मुलगा आणि सून ऑफिसातून थेट गेस्टहाउसवर आली. दोघांचे चेहरे परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. जिन्यातच मालक भेटला. शेजारची खोली उद्या सकाळी रिकामी होते आहे, हवी असेल तर दोघींना वेगवेगळं राहता येईल, असं तो म्हणाला. सुनेला हायसं वाटलं. तिनं वर येऊन लगेच बातमी दिली.

"वेगळी कशाला?" विहीणबाई म्हणाल्या.

"मग इथे बोलायचं कुणाशी?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर दिवसभर ऑफिसात."

मुलानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं आईकडे पाहिलं, मग सासूकडे. विहीणबाई मखमली खुर्चीत हात लांब करून बसल्या होत्या आणि काकू टेपनं त्यांच्या दंडाचं माप घेत होत्या.

"सैल धर जरा," विहीणबाई म्हणत होत्या.

"हात ताठ करू नकोस म्हणजे झालं. हे काय संचलन आहे?"

शनिवारी पोरांनी सुट्टी काढून बेत आखला होता. आधी संग्रहालय, मग बाग, मग जेवण. पोरं गेस्टहाउसवर पोचली तर खोलीला कुलूप. मालकानं खांदे उडवले. फुलवालीनं ट्रामच्या दिशेनं बोट दाखवलं. मुलानं घाईघाईनं फोन लावला.

"आई! कुठे आहात तुम्ही?"

"नदीवर," काकू वाऱ्यात ओरडून म्हणाल्या. मागून भोंग्याचा आवाज येत होता. "चुकीच्या ट्रामनं गेलो रे, पण जागा भारी निघाली."

"तिथंच थांबा! एक पाऊल हलू नका. आम्ही न्यायला येतो."

"कशाला उगीच धावपळ करता? तुम्ही दोघं निवांत जेवा कुठंतरी. आठवडाभर राबताय." मग आवाज जरा लांब गेला, कुणाशी तरी बोलल्यासारखा, "अगं, पुढची जागा पकड, पुढची! कठड्याजवळची!" आणि पुन्हा फोनवर, "ठेवते हं बाळा. बोट सुटतेय."