पुढची गाडी

दातांच्या डॉक्टरांच्या सासरी एक शिरस्ता होता. डोंगरामागच्या जमिनीकडे कुटुंबाच्या दोन गाड्या निघाल्या, की जी गाडी उंच ती पुढे, आणि सासरे पुढच्या गाडीत. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. त्यानंतर त्यांना मोजायला फक्त दोन जावई उरले होते.

गेली सहा वर्षं पुढची गाडी थोरल्या जावयाची, म्हणजे डॉक्टरांच्या साडूची होती. हा सिमेंटचा व्यापारी. शाळेत कधीतरी व्हॉलीबॉल संघाचा कप्तान होता, तेवढ्या भांडवलावर सगळं घर त्याला अजून ‘कॅप्टन’ म्हणे. डॉक्टरांनी रीतसर पाच वर्षं घासून पदवी मिळवली होती, तरी सासूबाई त्यांची ओळख ‘हे आमचे दातांचे’ अशी करून देत.

शेवटी डॉक्टरांनी मन घट्ट करून कॅप्टनच्याच मॉडेलची एसयूव्ही घेतली. त्याच महिन्यात कॅप्टनने आपली गाडी गॅरेजमध्ये नेऊन आणखी उंच करून घेतली. किती, ते तो सांगेना. ‘थोडीशी,’ म्हणाला आणि हसला. ते हसू डॉक्टरांच्या दाढेत अडकून बसलं.

रविवारी सासरी जेवण झाल्यावर डॉक्टर हात धुवायच्या निमित्ताने बाहेर आले आणि टेप घेऊन कॅप्टनच्या गाडीशी उकिडवे बसले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर त्यांनी दोनदा मोजलं.

“काही हरवलं का, डॉक्टर?” मागून कॅप्टनचा आवाज आला.

“किल्ली.”

“हातात आहे की तुमच्या.”

“हो. आत्ताच सापडली.”

आपल्या गाडीपेक्षा अंतर बरोबर दोन इंच जास्त भरलं होतं. सोमवारी दवाखान्यातल्या दोन दाढा पुढे ढकलून डॉक्टर गॅरेजमध्ये हजर झाले.

“गाडी चालवता कुठे?” मिस्त्रींनी विचारलं.

“घर ते दवाखाना.”

“मध्ये नदीबिदी लागते?”

“सिग्नल लागतो.”

मिस्त्रींनी हात पुसले. “मग दोन इंच भरपूर झाले. स्प्रिंग बदलू, शॉकअप बदलू. गाडी आहे तशीच वागेल. बहुतेक लोक दोनच करतात.”

“म्हणूनच दोन नको.”

“मग तीन घ्या.”

डॉक्टरांनी विचार केला. एका इंचाचा फरक कॅप्टन टायरमध्ये जास्तीची हवा भरून मिटवेल. “चार.”

“चारात खालचं निम्मं सामान बदलावं लागतं. तरी वळणावर गाडी झुलते. आत बसणाऱ्याच्या पोटाची जबाबदारी माझी नाही.”

रोज दहा जणांना ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगणाऱ्या माणसावर अशा बोलण्याचा परिणाम होत नाही. डॉक्टरांनी चारची ऑर्डर दिली. घरी बायकोला मात्र ‘सर्व्हिसिंगला टाकलीय’ म्हणून सांगितलं.

“सर्व्हिसिंगने गाडी वाढते का हो?” गाडी दारात आल्यावर तिने विचारलं. “आता मी आत शिरू कशी?”

“सवय होईल.”

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करवल्या, एक डोळा मिटला आणि निकाल दिला. “आज धाकटे जावई पुढे.” स्वयंपाकघरातून स्टूल आणलं गेलं. सासरे त्यावर चढून डॉक्टरांच्या शेजारी बसले. कॅप्टनने स्वतः दार लावून दिलं आणि “झकास झालीय,” म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मत्सराचा मागमूस नव्हता, हे डॉक्टरांना मनापासून झोंबलं.

सहा वर्षांनी सासरे आपल्या शेजारी बसले होते. घाटाच्या पहिल्या वळणाला सासरे आपल्या मोजणीचा एक किस्सा सांगायला लागले. दुसऱ्या वळणाला किस्सा थांबला. तिसऱ्याला त्यांनी वरची कडी धरली. पाचव्याला ते अगदी सभ्यपणे म्हणाले, “जावईबापू, जरा बाजूला घेता का?”

सासरे उतरले, दहा मिनिटं कठडा धरून उभे राहिले आणि मागच्या गाडीत जाऊन बसले. “बाबांकडे बघायला हवं,” म्हणत बायकोही गेली. आपण बाबांकडे नाही तर पोटाकडे बघायला चाललोय, हे तिने नंतर कबूल केलं.

“तुम्ही व्हा पुढे, डॉक्टर,” कॅप्टन म्हणाला. “तुमची उंच आहे.”

डॉक्टर एकटेच पुढे झाले. आरशात मागची गाडी सबंध दिसत होती. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. ते हातवारे करत होते. किस्सा बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. बायको हसत होती. हा किस्सा तिने निदान वीस वेळा ऐकला होता, मग एवढं हसण्यासारखं काय होतं? ऐकू येईल या आशेने डॉक्टरांनी काच खाली केली आणि वेग कमी केला. मागच्या गाडीनेही कमी केला. मग फोन वाजला. सासरे होते.

“जावईबापू, राग मानू नका. तुमच्या गाडीआड समोरचं काहीच दिसत नाही हो. कॅप्टनला जरा पुढे जाऊ द्याल?”

“हो, हो. अवश्य.”

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. कॅप्टनची गाडी शेजारून निघाली, आतून चार हात हलले. डॉक्टरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून वरून तिच्या टपाकडे पाहिलं. तिथे तरी धूळ असेल, असं त्यांना वाटलं होतं. टप लख्ख धुतलेला होता.