सहा पाकळ्यांची घडी

नववर्षाच्या आदल्या दुपारी मी बीट आणि खारवलेल्या माशाचं सॅलड घेऊन वरच्या मजल्यावर ग्लाफिरामावशींकडे गेले. त्यांचे यजमान येमेल्यानकाका उन्हाळ्यातच वारले होते. मुलगी रीम्मा दूर उत्तरेत, मुर्मान्स्कला. यंदाही तिला सुट्टी नव्हती.

दार उघडंच होतं. नववर्षासाठी खिडकीवर डकवायची कागदी हिमफुलं कातरत मावशी कपट्यांत बसलेल्या.

"ये. बघ माझे प्रताप," म्हणाल्या. त्यांनी कातरलेली घडी उलगडली, तर कागदाचे दोन तुकडे हातात आले. "जन्मभर घडी त्यांनी घालायची, मी कातरायचं. मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी! म्हणायचे, तुझी घडी म्हणजे बटाट्याचं पोतं."

"द्या, मी घालते."

"नको गं. मग ते तुझं होईल."

तेवढ्यात रीम्माचा फोन आला. घडी जमत नाही, असं मावशींनी तिला सांगितलं. "आई, दुकानात तयार हिमफुलं मिळतात की! नुसती चिकटवायची."

"हो बाई, आणते," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात गेल्या वर्षीचं एक हिमफूल जपून ठेवलेलं होतं, कडांना पिवळं पडलेलं. एवढं एकच उरलं होतं.

"मावशी, ते राहू द्या. फाटेल."

त्यांनी ऐकलं नाही. काकांच्या बोटांनी पाडलेल्या रेघांवरून त्या ते हळूहळू दुमडत गेल्या: आधी अर्धं, मग दोन्ही बाजू एकमेकींवर. शेवटच्या घडीला कागद टरकला. मावशींचा हात तिथेच थांबला.

"कळलं," त्या हलकेच म्हणाल्या. "अर्ध्या कागदाचे तीन भाग करायचे असतात. मी वेडी चार करत होते."

नव्या कागदाचं पहिलं फूल वाकडं झालं, पण पाकळ्या सहा आल्या. साबणाच्या पाण्यानं त्यांनी ते काचेवर डकवलं.

"संध्याकाळी खाली जेवायला या," मी म्हटलं.

"बघू."

त्या आल्या नाहीत. मी ताट घेऊन वर गेले, तेव्हा रस्त्याकडची खिडकी फुलांनी भरून गेली होती. मावशी स्वयंपाकघरात स्टुलावर उभ्या राहून तिथल्या काचेवरही फुलं डकवत होत्या. तिथली खिडकी शेजारच्या इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीसमोर उघडते. तिकडून कोणीच बघत नाही.

"ताट ठेव तिथं," मागे न वळता त्या म्हणाल्या, "आणि ती वाटी दे. साबण वाळत चाललाय."