रुचिराला सांग

"काकू, 'फेल'वर एवढा जोर नका देऊ! पोरगी पास झाली का फेल, तेच कळणार नाही तिकडच्यांना," प्रतिमा हसत म्हणाली.

शरयूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. "फे-लि-सि-ता-सियों."

"हां, अब आया! आता न थांबता म्हणा."

चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या घरात डिसेंबरचं ऊन खिडकीतून पायांशी आलं होतं, आणि अडुसष्ट वर्षांच्या शरयूबाई मेथी निवडता निवडता फ्रेंचमध्ये अभिनंदन करायला शिकत होत्या. लेक रुचिरा फ्रान्सला होती. आज तिच्या पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा. चार वाजता निकाल लागला की सगळ्यांदेखत ती आईला फोन लावणार होती. शेजारच्या प्रतिमानं मोबाइलवर शोधून हा शब्द काढला होता.

"येईल मला," शरयूबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. एकदा ऐकलं की जसंच्या तसं पुढे. कान पक्का आहे माझा."

खोटं नव्हतं ते. ट्रंक कॉलच्या काळात मद्रासी म्हणू नका, बंगाली म्हणू नका, कुणाचंही नाव त्यांच्या कानातून कधी निसटलं नाही. बातमी पेढ्यांची असो की मयताची, ऑपरेटरनं पदरचं घालायचं नाही आणि ऐकलेलं गाळायचं नाही, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी एकदाच मोडला. तोही निवृत्तीनंतर, पोटच्या पोरीपाशी.

नवरा चिंतामणी फॅक्टरीत तपासणी खात्यात होता. सूतभर फरक दिसला तरी माल परत धाडणारा माणूस. रुचिरा ठरलेलं लग्न मोडून फ्रान्सला गेली, तेव्हा त्यानं तिलाही तसंच बाजूला काढलं. अडीच वर्षं फोनवर आला नाही. संध्याकाळी कानात मोबाइलच्या वायरी घालून गच्चीवर फेऱ्या मारायचा, ओठ हलत असायचे.

"काय पुटपुटून राहिले?" शरयूबाई विचारायच्या.

"जप करून राहिलो," म्हणायचा.

मग एक दिवस रुचिराचा निरोप आला, पीएच.डी.साठी मोठी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. शरयूबाईंनी मुद्दाम मोठ्यानं वाचला. चिंतामणी ऐकून न ऐकल्यासारखा गच्चीवर निघून गेला. आठव्या दिवशी त्याला लकवा झाला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. जीभ जड पडली होती. "रुचिराला... सांग," तो म्हणाला. डावा हात कसाबसा कपाळापर्यंत नेला आणि झटकला. "शापो... माफी..."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

आता यात न समजण्यासारखं काय होतं? कपाळाला हात लावून झटकून टाकला. शाप आहे, माफी नाही. मरताना माणूस असा कसा दुष्ट होतो, म्हणून शरयूबाई नवऱ्यासाठी रडायच्या ऐवजी त्याच्यावर चिडून रडल्या.

"आई, बाबा काही बोलले का ग?" रुचिरानं फोनवर विचारलं होतं.

"नाही. काही नाही."

"मी तिकीट काढून राहिली."

"नको येऊस. आता येऊन काय करशील?"

ज्यानं शाप दिला त्याच्या चितेपुढे पोरीला कशाला उभी करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. रुचिरा आली नाही. पण दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी तोच प्रश्न विचारायची, "काहीच नाही बोलले?" आणि शरयूबाई तेच उत्तर द्यायच्या. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं.

चारला फोन वाजला. पडद्यावर एक मोठी खोली, दहा-पंधरा गोरी माणसं आणि मध्ये लाल नाकाची, हसणारी रुचिरा.

"आई, झालं! पास झाली मी!"

"फेलिसितासियों!" शरयूबाई एका दमात म्हणाल्या. तिकडे टाळ्या पडल्या. प्रतिमानं त्यांची पाठ थोपटली.

तेवढ्यात रुचिराचे म्हातारे सर पुढे आले. त्यांनी हात कपाळापर्यंत नेला, काहीतरी उचलल्यासारखं केलं, हात बाजूला झटकला आणि तिला म्हणाले, "शापो, मा फीय!"

शरयूबाईंचा हात मेथीच्या ताटातच थांबला. "रुचिरा! हे काहून शाप देऊन राहिले तुला?"

रुचिरा खदखदून हसली. "शाप नाही ग आई! शापो म्हणजे टोपी. तुझ्यापुढे टोपी काढली, असं. कोणी मोठं काम केलं ना, की म्हणतात."

"आणि पुढचं? माफी?"

"मा फीय. म्हणजे माझी पोर."

"पुन्हा म्हण."

"शापो, मा फीय. काहून ग?"

शरयूबाईंनी ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. गच्चीवरच्या फेऱ्या. वायरी. जप.

"काकू, बोला ना. लाइन चालू आहे," प्रतिमा कुजबुजली.

आजच्या दिवशी सांगू नये, हे त्यांना कळत होतं. उद्या सांगता आलं असतं. पण तीन वर्षं निरोप त्यांच्यापाशी अडून होता आणि आता एक मिनिट तो ठेववेना.

"रुचिरा, तुझ्या बाबांचा निरोप आहे," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात शुद्धीवर आले होते. 'रुचिराला सांग,' म्हणाले. मग हात असा कपाळाला लावला. आणि हेच म्हणाले. शापो, मा फीय. जीभ जड होती ग त्यांची. मला वाटलं, शाप देऊन राहिले. शाप कोणती आई पोचवते?"

रुचिराच्या तोंडावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"बाबांना फ्रेंच कुठे यायचं?"

"शिकत होते. मला सांगायचे, जप करतो."

"म्हणून तू येऊ नको म्हणालीस?"

"हो."

"मी आली असती आई. तिकीट काढून ठेवलं होतं मी." एवढं म्हणून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मागच्या माणसांना वाटलं, आईशी बोलताना आनंदानं रडतेय. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या हातात फुलं दिली. फुलं घेऊन ती तशीच रडत राहिली, आणि मग फोन बंद झाला.

प्रतिमा डोळे पुसत म्हणाली, "काकू, चहा ठेवू?"

शरयूबाई काळ्या पडद्याकडे पाहत होत्या. "निरोप पोचला," त्या जुन्या सवयीनं म्हणाल्या. मग त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि निवडायला बसल्या. पानं आणि काड्या एकाच ताटात पडत होत्या.