बिनटेपची घडी

आमच्या घरात साबण होतो. खालच्या मजल्यावर सासरे आणि माझे यजमान तो शिजवतात, साच्यात ओततात, कापतात. वरच्या मजल्यावर लांब टेबल आहे, तिथे मी तो बांधते. बांधणं हे माझं खातं. मी या घरात आले तेव्हा त्या टेबलावर अडगळ होती. ती उपसून मी ते माझं केलं. पुढे धाकट्या दिराचं लग्न झालं, आणि कानामागून आली ती तिखट झाली.

धाकटी बोलायला गोड आहे. एखादी गोष्ट येत नसली तर हसत हसत "मला नाही येत, पण बघू या" म्हणते आणि सगळे तिच्यावर खूश. मला "येत नाही" म्हणायची वेळच कधी आली नाही, त्यामुळे माझं कौतुक करायचं कुणाला सुचलंही नाही. माझ्या पोटात दुखतं ते इथे. उगीच कशाला लपवू?

निमित्त झालं बाईंच्या फोनचं. या बाई मोठ्या दुकानांसाठी माल खरेदी करतात आणि आमचा निम्म्याहून जास्त साबण त्याच उचलतात. त्यांनी कळवलं, की यापुढे प्लास्टिकात गुंडाळलेला माल बंद. पृथ्वीला त्रास होणार नाही असं काहीतरी शोधा, मी येऊन बघते, पटलं तर ठीक. सासऱ्यांनी जेवताना विचारलं, "आता काय करायचं?" मी तोंडातला घास गिळेपर्यंत धाकटी म्हणाली, "बाबा, मी शोधते." सासरे म्हणाले, "शोध." झालं! टेबल माझं, कात्री माझी, आणि माझ्याकडे कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग नमुने यायला लागले. अर्धं टेबल तिनं व्यापलं. रोज जेवताना आमची शिकवणी. चकचकीत कागद दिसायला कागद, पण त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून तो रद्दीतही जात नाही आणि मातीतही कुजत नाही. साधा कागद पृथ्वीला चांगला, पण आमच्या साबणाचं तेल त्यातून फुटतं, डाग पडतात, वास उडून जातो. शिवाय तो चिकटवायला टेप लागतो, आणि टेप म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. हे सगळं मला ठाऊक नव्हतं, हे मान्य करते. पण ते ऐकताना सासरे जेवण विसरायचे, ते मला बघवत नव्हतं.

शेवटी आली मक्यापासून केलेली पिशवी. पातळ, मऊ, हुबेहूब प्लास्टिकसारखी. धाकटी म्हणाली, "ताई, ही मातीत मिसळते!" सासऱ्यांनी पिशवी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे हं."

त्याच संध्याकाळी मी एक पिशवी उचलली आणि गच्चीतल्या रिकाम्या कुंडीत पुरली. रोज पाणी घालायचे. यजमानांनी पाहिलं आणि विचारलं, "काय पेरलंयस?"

"काही नाही."

"काही नाहीला इतकं पाणी?"

मी त्यांना चहा करायला पाठवलं. मधून मधून मी माती उकरून बघायची. पिशवी जशीच्या तशी! तिच्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. बाई यायच्या दिवसापर्यंत मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

बाई आल्या, माझ्याच खुर्चीत बसल्या. धाकटीनं नमुने मांडले. ती मक्याच्या पिशवीला हात घालणार तेवढ्यात मी चिखलानं माखलेली माझी पिशवी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"मातीत मिसळते म्हणे," मी म्हटलं. "दोन महिने मातीत होती. मिसळली तर नाहीच, जरा जाडच झाल्यासारखी वाटते."

यजमानांनी खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं. सासरे धाकटीकडे बघायला लागले. मी वाट बघत होते, की आता ही रडेल, नाहीतर उलटून बोलेल.

"ताईंचं खरं आहे," ती म्हणाली. "मी पाकिटावरचं वाचून भुलले होते. परवा नीट चौकशी केली. ही कुंडीत विरत नाही, हिला खताच्या कारखान्यातली मोठी ऊब लागते. तसा कारखाना आपल्याकडे नाही, गिऱ्हाईकांकडेही नसणार. मी ही आज बादच करणार होते."

घ्या! माझा फटाका तिनं आधीच भिजवून ठेवला होता.

"मग माझ्यासाठी तुमच्याकडे काय आहे?" बाईंनी विचारलं. त्यांनी पर्स मांडीवर ओढली होती. सासऱ्यांचा चेहरा उतरला. माझाही, कारण बाई उठल्या असत्या तर बांधायला साबण कुठला आणि कसलं माझं टेबल?

"ताईंची घडी आहे," धाकटी म्हणाली.

ही घडी म्हणजे काय ते सांगते. भेट द्यायच्या थोड्याशा वड्या मी साध्या जाड कागदात बांधते. एकच कागद, पण सगळ्या बाजूंनी दुहेरी पडतो. तेल बाहेर येत नाही, वास आत राहतो. टेप नाही, गोंद नाही. शेवटचं टोक आतल्या आत अडकतं. ते टोक अडकवताना मी नेहमी पाठ फिरवते. घरातल्या कुणालाही ते कसं जातं ते माहीत नाही. एवढी एकच गोष्ट या घरात फक्त माझी आहे.

"हात धुऊन येते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. धाकटी मागोमाग आली.

"ताई, शिकवाल?"

"शिकवलं की मग माझं काय राहिलं?" मी नळ मोठा सोडला. "बाबा तुझे, बाई तुझ्या, आता घडीही घे."

नळाच्या वरताण आवाज चढवून ती म्हणाली, "तुमच्या वड्या मी चोरून उलगडून बघते, ताई. कितीतरी उलगडल्या. घड्या मोजल्या, पुन्हा घालून पाहिल्या. शेवटचं टोक बाहेरच राहतं. रडू येतं मला! लोक म्हणतात हुशार, हुशार, आणि तुमचा हात चालताना पाहिला की माझी नुसती जळजळ होते. काही वेळा वाटतं, तुम्ही आजारी पडावं."

मी नळ बंद केला. काय सांगू, कानात कुणी अत्तर घातलं असं वाटलं. माझ्यावर कुणीतरी जळतं! तेही ही!

"चल," मी म्हटलं.

बाहेर येऊन मी टेबलाशी उभी राहिले, तोंड सगळ्यांकडे. सावकाश घडी घातली. शेवटचं टोक आधी मागे दुमडायचं, मग अंगठ्यानं दाबून आत सरकवायचं. बस, एवढंच. सासरे खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. धाकटीनं कागद घेतला, तोवर बाई सासऱ्यांशी आणि यजमानांशी भावाचं बोलायला लागल्या होत्या. पहिल्या वडीचं टोक बाहेर राहिलं, मी खुदकन हसले. दुसरीला कागद फाटला. तिसरी मात्र बसली, आणि अशी बसली, की कोपरे सुरीसारखे. माझे कोपरे इतक्या वर्षांत इतके सरळ आलेले नाहीत.

बाईंनी वळून माझ्या वडीशेजारची नेमकी तीच उचलली. उलटसुलट केली, नाकाला लावली, टेबलावर आपटून पाहिली. "अशीच हवी मला. सगळा माल असाच बांधायचा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हसल्या. "मुरलेला हात लगेच ओळखू येतो हो. ही तुमचीच ना?"

सगळे आपापला आनंद करण्यात गुंग होते. खरं काय ते मला आणि धाकटीला ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. आता बोलते, असं मला वाटलं. तिनं तिच्या त्या दोन बिघडलेल्या वड्या पुढे सरकवल्या आणि बाईंना म्हणाली, "या माझ्या. मला नाही येत अजून, ताई शिकवतील."

आता तुम्हीच सांगा, अशा जावेवर जळू नये तर काय करावं माणसानं?